चार व्यंजनं आणि आपली बाराखडी

काही वर्षांपूर्वी जगातल्या धर्मांची ओळख करून देणाऱ्या एका छोट्या पुस्तकात मी एक वाक्य लिहिलं होतं : ‘यहुदी लोक आपल्या देवाला यहोवा म्हणतात.’ लिहिताना हात जराही अडखळला नव्हता. शाळेपासून तेच वाचलेलं, मग शंका यायचं कारणच काय? पुस्तक आलं, आणि महिन्याभराने ठाण्याहून एका बाईंचा फोन आला. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजातल्या. पुस्तक आवडलं वगैरे बोलून झाल्यावर म्हणाल्या, “एक विचारू का, रागावू नका. हे यहोवा म्हणणारे यहुदी तुम्हाला भेटले कुठे? आमच्या घरात सत्तर वर्षांत मी तरी कुणाच्या तोंडून हा शब्द ऐकला नाही हो.”

मी काहीतरी सारवासारव केली. ग्रंथात आहे, परंपरेत आहे, असं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ग्रंथात ‘यहोवा’ नाही आणि परंपरेत तर नाहीच नाही.

ग्रंथात आहेत ती चार व्यंजनं : योद, हे, वाव, हे. आपल्या अक्षरांत य, ह, व, ह. हिब्रू बायबलमध्ये ही चौकडी ६,८०० हून अधिक वेळा येते. हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची. स्वर वाचणाऱ्याने आपल्या माहितीतून भरायचे. मोडी वाचणाऱ्यांना याची थोडी कल्पना येईल. ऱ्हस्व-दीर्घाची पत्रास नाही, शब्द एकमेकांना चिकटलेले, आणि तरीही भाषा जाणणारा माणूस धडाधड वाचत जातो. हिब्रूचंही तसंच होतं. पण या चार अक्षरांपाशी वाचणारा ती अक्षरं वाचतच नाही. डोळ्यांना दिसतं एक आणि तोंडातून येतं दुसरं : ‘अदोनाय’, म्हणजे माझा स्वामी. तेही प्रार्थनेत किंवा ग्रंथवाचनात. एरवी बोलण्यात ‘हाशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’.

मग यहोवा आला कुठून? इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान, मुख्यतः गालील समुद्राकाठच्या तिबेरियास गावी, मासोरेत म्हणवणाऱ्या विद्वानांनी ग्रंथाच्या पाठावर स्वरचिन्हं चढवली. अक्षरांना हात लावायचा नाही, फक्त खाली-वर टिंबं आणि रेघा द्यायच्या. या चार अक्षरांवर त्यांनी ‘अदोनाय’चे स्वर ठेवले, वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून : बाबा रे, इथे अदोनाय म्हण. सगळ्या वाचणाऱ्यांना ही खूण कळत होती. पुढे युरोपातल्या ख्रिस्ती पंडितांनी हिब्रू शिकताना व्यंजनं एका शब्दाची आणि स्वर दुसऱ्या शब्दाचे असे एकत्र वाचले. तेराव्या शतकापासून लॅटिन लेखनात हे रूप दिसू लागतं. १५३० मध्ये विल्यम टिंडलने ते इंग्रजी बायबलात आणलं, आणि मग इंग्रजांच्या गलबतातून ते आपल्याकडे उतरलं.

याचा मराठी नमुना करून पाहा. ‘गणपत’ची व्यंजनं घ्या : ग, ण, प, त. त्यांवर ‘विनायक’च्या मात्रा चढवा : इकार, आकार, मग दोन साधी अक्षरं. काय होतं? ‘गिणापत’. आता कुणी परदेशी अभ्यासक चारशे वर्षं ‘मराठी लोक आपल्या देवाला गिणापत म्हणतात’ असं छापत राहिला, तर आपण काय म्हणू?

हे स्वर त्या नावाचे नव्हेतच, याचा पुरावा ग्रंथातच आहे. काही ठिकाणी, विशेषतः यहेज्केलच्या पुस्तकात, ‘अदोनाय’ हा शब्द आणि ही चार अक्षरं लागोपाठ येतात. तिथे ‘अदोनाय अदोनाय’ असं दोनदा म्हणावं लागू नये म्हणून वाचक चार अक्षरांच्या जागी ‘एलोहीम’, म्हणजे देव, असं म्हणतो, आणि मासोरेतांनीही तिथे एलोहीमचे स्वर दिलेत. शेजार बदलला की स्वर बदलतात. नावाचे स्वतःचे स्वर असे बदलतील का?

‘यहोवा’ कानाला खरा वाटतो, त्यालाही कारण आहे. हिब्रू माणसांच्या नावांत या देवनामाचे तुकडे जागोजागी सापडतात. नावाच्या सुरुवातीला ‘यहो’ (यहोशवा, यहोशाफाट), शेवटी ‘याहू’ किंवा ‘या’ (यिर्मयाहू, यशयाहू). हालेलुयातला ‘या’ तोच. चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेल्यांनीही तो शब्द ऐकलेला असतो : ‘या’ची स्तुती करा. अभ्यासकांचा कल ‘याहवे’सारख्या उच्चाराकडे आहे. पाचव्या शतकातला ख्रिस्ती बिशप थिओडोरेट नोंदवतो की शोमरोनी लोक (मोशेचाच ग्रंथ मानणारा, यहुद्यांच्या शेजारचा समाज) ‘इआबे’ म्हणतात. त्याआधीच्या अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटकडेही जवळपास असंच रूप मिळतं. अंदाज चांगला आहे, पण तो अंदाज. वर्गात फळ्यावर ‘याहवे’ लिहायला माझी काही हरकत नाही.

हे मौन पहिल्यापासूनचं नाही, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. रूथच्या पुस्तकात बवाज बेथलेहेमहून आपल्या शेतावर येतो आणि कापणी करणाऱ्यांना म्हणतो, तुमच्याबरोबर तो असो. आणि तिथे ती चार अक्षरं आहेत. मजूरही त्याच नावाने उलट आशीर्वाद देतात. आपल्याकडे ‘राम राम’ म्हणावं इतक्या सहज. आणि ही गोष्ट फक्त पोथीतली नाही. १९३५ मध्ये जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला लाखीश इथे उत्खनन करताना जेम्स स्टार्की यांच्या चमूला वेशीजवळच्या जळालेल्या खोलीत खापरांचे तुकडे मिळाले. त्यांवर शाईने पत्रं लिहिलेली. काळ इसवी सन पूर्व ५८७ च्या आसपासचा, म्हणजे बाबेलची फौज दारात आलेली. एका पत्रात हाताखालचा माणूस याऊश नावाच्या वरिष्ठाला लिहितो : ‘य-ह-व-ह माझ्या स्वामींना आज, आजच्या आज, खुशालीची बातमी ऐकवो. स्वामींनी आठवण काढावी असा हा सेवक कोण? एक कुत्रा.’ आपल्या जुन्या पत्रांतल्या ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना’ची आठवण यावी असा मायना आहे. छावणीतला शिपाईगडी, फुटलेल्या रांजणाच्या तुकड्यावर, सरकारी पत्रात देवाचं नाव लिहितोय. कसला संकोच नाही, कसली भीती नाही. दुसऱ्या एका पत्राचा लेखक तर होशयाहू; त्याच्या स्वतःच्याच नावात ते नाव.

मग हळूहळू ओठ मिटत गेले. का, याचं एकच एक उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. ‘देवाचं नाव व्यर्थ घेऊ नकोस’ ही आज्ञा होतीच, पण तिचा अर्थ ‘उच्चारूच नकोस’ असा नव्हता. लेवीयाच्या पुस्तकातला देवनिंदेचा नियम ग्रीक भाषांतरकारांनी ‘जो नाव उच्चारील’ असा फिरवलेला दिसतो. म्हणजे तोवर वारं बदललं होतं. मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या जुन्या हिब्रू गुंडाळ्यांत तर ते डोळ्यांनी पाहता येतं. काही लेखनिक बाकी मजकूर चालू लिपीत लिहितात आणि हे नाव आलं की जुन्या, तेव्हाही पुरातन झालेल्या लिपीत लिहितात. एका नियमावलीत यशयाचं ‘अरण्यात अमक्याचा मार्ग तयार करा’ हे वचन उद्धृत केलंय; तिथे नावाच्या जागी चार ठिपके आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा लेखणी उचललेला हात तिथे थबकलेला दिसतो.

जेरुसलेमच्या मंदिरात मात्र नाव घेतलं जात होतं. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक ते उच्चारी आणि अंगणातले लोक पालथे पडत, असं मिश्ना, म्हणजे यहुद्यांचा जुना धर्मनियमांचा संग्रह, सांगते. तालमूदात, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, रब्बी तार्फोन यांची आठवण आहे. लहानपणी ते याजकांच्या रांगेत उभे होते, कान लावून ऐकत होते, आणि महायाजकाने ते नाव इतर याजकांच्या सुरात गिळून टाकलं. इसवी सन ७० मध्ये रोमन फौजेने मंदिर पाडलं, तेव्हा ते नाव घेण्याची जागाच उरली नाही. गुरू शिष्याला सात वर्षांतून एकदा ते सांगत असे, असंही तालमूद म्हणतो. पुढे तेही थांबलं.

ग्रीक पोथ्यांची गंमत वेगळीच. काही यहुदी लेखनिक ग्रीक मजकुराच्या मधोमध हिब्रू अक्षरांत हे नाव लिहीत. हिब्रू न जाणणारे वाचक ती अक्षरं ग्रीक समजून डावीकडून उजवीकडे वाचत, आणि त्यातून ‘पिपि’ असा शब्द तयार होई. संत जेरोमने हे नोंदवून ठेवलंय. सृष्टीचा निर्माता पिपि! ‘यहोवा’ हा याच जातीचा अपघात, फक्त जास्त भारदस्त वाटतो इतकंच.

आता मुद्दा असा की मराठी माणसाला हे मौन समजायला जड जातं. आपली भक्ती नामाची. टाळ-मृदंगाच्या गजरात नाव जितकं जास्त, जितकं मोठ्याने, तितकं बरं. सहस्रनामं पाठ करणाऱ्यांना एकुलतं एक नाव आणि तेही न घ्यायचं, हा प्रकार विसराळूपणा तरी वाटतो किंवा अंधश्रद्धा तरी. ‘त्यांनी आपल्या देवाचं नाव हरवलं’ असं वाक्य मी एका व्याख्यानात ऐकलंय, वर श्रोत्यांची चुकचुकही.

पण न घेतलेलं नाव म्हणजे हरवलेलं नाव, हे आपणच कधी मानलं? माझ्या आजोबांचं नाव सोमनाथ. आजीने ते कधी घेतलं नाही. इतकंच नव्हे, ती सोमवारलाही ‘शंकराचा वार’ म्हणायची. मंगळागौरीला बायकांनी फारच गळ घातली तर उखाण्यात, ओळीच्या शेवटी, पटकन. तिला नवऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल? (आजीच्या गप्प राहण्यात बायकांवरची सक्ती होती आणि तिची भलामण मला करायची नाही. मला फक्त नावाभोवती भाषा कशी वळण घेते ते दाखवायचंय.) हिब्रूतही नेमकं असंच एक वळण आहे. तिथे अक्षरांनीच आकडे लिहितात. पंधरा म्हणजे दहा अधिक पाच, योद आणि हे. पण ती जोडी झाली ‘याह’. म्हणून पंधरा लिहायचे तर नऊ अधिक सहा, आणि सोळा नऊ अधिक सात. वाण्याच्या हिशेबातसुद्धा नावाला धक्का लागू द्यायचा नाही.

या मौनाविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप ग्रंथाच्याच आधाराने येतो. निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात जळत्या झुडपातून मोशेला सांगितलं जातं की हेच माझं नाव सर्वकाळ. मग ते न घेणं ही आज्ञेची पायमल्ली नाही का? यहोवाचे साक्षीदार १९३१ पासून हे नाव आपल्या पंथनामातच वागवतात, ते याच भूमिकेतून. तालमूदाचं उत्तर वाचण्यासारखं आहे. त्या वचनात ‘सर्वकाळ’साठी ‘लेओलाम’ हा शब्द आहे, पण तो वावशिवाय लिहिलाय. स्वर जरा बदलले तर ‘लेआलेम’ होतो, म्हणजे ‘झाकून ठेवण्यासाठी’. मी जसा लिहिला जातो तसा वाचला जात नाही, असं देवाच्याच तोंडी घातलंय. व्याकरणाच्या तासाला हा अर्थ कुणी मान्य करणार नाही. मलाही तो त्या वचनाचा मूळ अर्थ वाटत नाही. पण यातून एक गोष्ट कळते : लिहिलेलं एक आणि वाचायचं दुसरं, ही दोन्ही मिळून त्यांचा ग्रंथ होतो. दोन हजारांहून अधिक वर्षं ज्यांनी तो हाताने उतरवला, तोंडी जपला, ज्यांच्यामुळे ती चार अक्षरं आपल्यापर्यंत पोहोचली, त्यांनी ती वाचायची रीतही बरोबर दिली. अक्षरं घ्यायची आणि रीत टाकून द्यायची, ही मला उचलेगिरी वाटते.

रोमच्या चर्चनेही उशिरा का होईना हे मान्य केलं. २००८ मध्ये व्हॅटिकनने जगभरच्या बिशप परिषदांना पत्र पाठवून सांगितलं की उपासनेत, गीतांत, प्रार्थनांत हे नाव उच्चारू नये. लोकप्रिय झालेल्या भजनांतले शब्दही त्यापायी बदलावे लागले. पत्रात कारणही योग्य दिलंय : पहिल्या ख्रिस्ती मंडळींनीही त्या जागी ‘प्रभू’ अशा अर्थाचा ग्रीक शब्दच वापरला होता.

आता आपल्या अंगणात येऊ. हिंदी बायबलात ‘यहोवा मेरा चरवाहा है’ असं आहे, तर मराठीत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. मराठी भाषांतरकारांचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, आणि तो राबवलाही नेटका : एलोहीमसाठी देव, अदोनायसाठी प्रभू, चार अक्षरांसाठी परमेश्वर. इंग्रजीला ही सोय नव्हती. त्यांना एकच शब्द मोठ्या लिपीतल्या अक्षरांनी छापून वेगळा दाखवावा लागतो. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, पण देवाला शब्द कमी पडतील अशी मराठी गरीब नाही.

तरी किंमत मोजावी लागतेच. कर्मेल डोंगरावरचा प्रसंग घ्या. एकीकडे बआलाचे साडेचारशे संदेष्टे, दुसरीकडे एकटा एलीया. आकाशातून अग्नी उतरतो आणि लोक पालथे पडून ओरडतात : ‘परमेश्वर हाच देव! परमेश्वर हाच देव!’ मराठीत वाचणाऱ्याला वाटतं, मग दुसरं कोण असणार? परमेश्वर म्हणजे देवच की. मुळात तिथे दोन नावांची झुंज आहे : बआल की हा? परमेश्वर म्हटलं की त्या झुंजीतली हवाच निघून जाते. फारोचंही तसंच. मोशे दरबारात जाऊन त्या नावाने हुकूम सांगतो तेव्हा फारो म्हणतो, हा कोण? मी ह्याला ओळखत नाही. मराठीत ‘परमेश्वर कोण?’ असं आलं की फारो एकदम नास्तिक वाटायला लागतो. बिचारा नास्तिक कुठला, त्याच्याकडे देवांची फौज होती. त्याच्या लेखी हा कुठला तरी गुलामांचा देव, यादीत नसलेला.

म्हणून माझं म्हणणं असं. मोठ्याने वाचायच्या भाषांतरात ‘परमेश्वर’च असावा, फक्त ही चार अक्षरं जिथे असतील तिथे तो ठसठशीत टाइपात छापावा आणि सुरुवातीला एक टीप द्यावी, म्हणजे कर्मेलवर आणि फारोच्या दरबारात वाचणारा सावध होईल. अभ्यासाच्या लेखनात ‘याहवे’ चालेल, अंदाज आहे असं सांगून. पण वर्तमानपत्रांत, पाठ्यपुस्तकांत, स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत ‘यहुद्यांचा देव यहोवा’ हे जे बिनदिक्कत छापलं जातं, ते बंद झालं पाहिजे. ख्रिस्ती पंथांच्या संदर्भात तो शब्द जरूर यावा. तो त्यांचा आहे, ते तो श्रद्धेने घेतात. यहुद्यांच्या तोंडी तो घालू नये. ते यहोवा म्हणत नाहीत.

आणि हे यहुदी काही आपल्याला परके नाहीत. बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या रायगडच्या किनाऱ्यावर तेल गाळत होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. त्यांच्या परंपरेत सांगतात की ग्रंथ गेले, भाषा गेली, पण ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. तिच्या पहिल्याच ओळीत ती चार अक्षरं दोनदा येतात आणि दोन्हीदा म्हणायचं असतं ‘अदोनाय’. त्यांच्या मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या नैवेद्याच्या, ताटासमोर ज्याला आळवतात तो एलियाहू हन्नबी, कर्मेलवरचा तोच संदेष्टा एलीया. एलियाहू म्हणजे ‘याहू माझा देव’. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याचं ठिकाण आहे, तिथे शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला मंडळी जमतात. त्या तिथीला म्हणतातच ‘तू बिश्वात’. तो ‘तू’ म्हणजे नऊ अधिक सहा, पंधरा लिहिताना नाव टाळण्यासाठी केलेली तीच जोडी. तिथीत नाव चुकवलेलं आणि नवस ज्याला बोलायचा त्याच्या नावात ते बसलेलं.

ठाण्याच्या बाईंना मी नंतर पुन्हा फोन केला. पुढच्या आवृत्तीत काय लिहू, असं विचारलं. “परमेश्वर लिहा की. आई मराठीत ‘देवा’ म्हणायची,” त्या म्हणाल्या. “आणि ती अक्षरं दाखवायचीच असली तर नुसती अक्षरं दाखवा.”

नुसती अक्षरं! हिब्रूत सोपं आहे ते. आपल्याकडे ‘य’ लिहिला की त्याच्या पोटात ‘अ’ आलाच. आपली लिपी अक्षराला मुकं राहू देत नाही. ‘यहवह’ लिहिलं तर लोक तेही वाचणार. शेवटी चारही अक्षरांचे पाय मोडले आणि सुधारलेलं पान छापखान्यात पाठवलं : ‘हिब्रू ग्रंथात देवाचं नाव य्ह्व्ह् असं लिहिलेलं असतं, यहुदी वाचक त्या जागी अदोनाय म्हणतात.’

दुसऱ्या दिवशी डीटीपी करणाऱ्या मुलाचा फोन. “सर, तिसऱ्या ओळीत काहीतरी गडबड झालीय. ते वाचताच येत नाहीये.”

“ठीक आहे,” मी म्हटलं. “तसंच राहू दे.”